चव्वेचाळीस अक्षरांची पताका

लोथांगच्या सरकारी रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर हाडांचा विभाग आहे. बरा होऊन घरी गेलेला माणूस डॉक्टरांना लाल मखमलीची पताका आणून देतो, आणि त्या विभागाच्या व्हरांड्यात अशा पताकांनी दोन्ही भिंती भरून गेल्या होत्या. पिवळी झालर, सोनेरी अक्षरं. उजवीकडे डॉक्टरांचं नाव, डावीकडे देणाऱ्याचं, आणि मधे स्तुतीची आठ अक्षरं; चिनी लिपीत एक अक्षर म्हणजे एक अख्खा शब्द. त्या भिंतीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर पंग लानछिन बसली होती. एका बाजूला कुबडी, पायाशी रुग्णालयात राहायचं सामान: थर्मास, तसराळं, कापडी सपाता. एकतीस पताका होत्या आणि एकतीसच्या एकतीस तिच्या हातच्या होत्या.

"ती बघ, दारापासून तिसरी," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यातलं 'हात' हे अक्षर डावीकडे कललंय."

"तू इथे खुबा बदलायला आलीयस की अक्षरं तपासायला?" थियन म्हणाला.

"एकदा चिकटलं की मखमलीवरून अक्षर निघत नाही रे. आता जन्मभर तसंच कललेलं राहणार."

रुग्णालयाच्या फाटकासमोर बावीस वर्षं तिचं दुकान होतं. एका बाजूला फळवाला, दुसऱ्या बाजूला मयताच्या पांढऱ्या फुलचक्रांचं दुकान. आत जाणारा फळं घेई, बरा होऊन बाहेर येणारा लानछिनकडे येई, आणि तिसऱ्या प्रकारच्या माणसांनी कुठे जायचं ते सांगायला नको. थियन सुतार. पताकांच्या दांड्या तो तासून देई. अक्षरं मात्र लानछिन स्वतः कापे. बाकीच्यांनी यंत्रं घेतली तरी तिची कात्री सुटली नव्हती. खेड्यातून आलेल्या माणसांना शब्द सुचत नसत, तेही तीच पुरवी. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "ताई, माझा पाय वाचला पण बोट गेलं. काय लिहायचं?" ती म्हणाली होती, "पायाचं लिहायचं. बोटाचं नाव काढायचं नाही."

गेलं वर्षभर तिचा उजवा खुबा दुखत होता. आधी जिना चढताना, मग उभं राहताना, मग नुसतं कुशीवर वळतानाही. हाडांचे डॉक्टर शन यांनी फोटो उजेडाला धरून दाखवला होता. मांडीच्या हाडाचा गोल माथा वाफवलेला पाव बसावा तसा बसला होता. त्याला रक्त पुरत नव्हतं. "ताई, सांधा बदलायचा," डॉक्टर म्हणाले होते. "तासाभराचं काम. दोन महिन्यांत जिना चढाल. नाही बदललात तर वर्षभरात खुर्ची धराल. तुमच्यामुळे माझी भिंत सजली, आता तुमचा पाय मी सजवतो. पण पताका फुकट हवी हं!"

"फुकट कशाला? दुप्पट झालर लावून देते," ती म्हणाली होती.

आणखी एक गोष्ट होती. नऊ वर्षांपूर्वी लानछिनच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. कुठून आला, असं जो तो विचारी. ती सांगत नसे. तिचं म्हणणं एवढंच की तपासणी मोफत करणाऱ्या सरकारनं हा प्रश्न विचारला नाही, गोळ्या मोफत देणाऱ्या सरकारनं विचारला नाही, मग तू कोण? दर तीन महिन्यांनी ती रोगनियंत्रण कार्यालयाच्या मागच्या खिडकीशी जाई आणि गोळ्यांच्या बाटल्या पिशवीत घालून आणी. एक गोळी तिनं कधी चुकवली नव्हती. गेल्या तीन तपासण्यांत तिच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नव्हता. थियन दरवर्षी तपासून घेई, तो स्वच्छ होता.

खिडकीत बसणारा लू नावाचा तरुण कारकून होता. शस्त्रक्रियेचं कळल्यावर त्यानं तिला आत बोलावून खुर्ची दिली.

"मावशी, लपवू नका. तसंही रक्त तपासणारच आहेत. आणि कायदा तुमच्या बाजूनं आहे. एक्केचाळिसावं कलम." त्यानं वाचून दाखवलं: रुग्णाला एचआयव्हीची लागण किंवा एड्स आहे म्हणून कोणत्याही रुग्णालयानं त्याच्या दुसऱ्या आजारावरच्या उपचारात टाळाटाळ करू नये की नकार देऊ नये.

लानछिननं कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. अक्षरांवर पोट असलेली बाई ती. "कुणी लिहिलंय रे हे? एक अक्षर वायफळ नाही."

"देशानं लिहिलंय, मावशी."

तिथेच ती चुकली. लिहिलंय म्हणजे आहे, असं तिनं धरलं. घरी येऊन तिनं उत्तम मखमलीचा तुकडा काढला आणि उजवीकडची ओळ चिकटवूनही टाकली: 'हाडांचा विभाग, डॉक्टर शन यांस.' या धंद्यात शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांचं नाव कधी चिकटवत नाहीत, तो अपशकुन. थियन ओरडला, "वेडी आहेस का? बावीस वर्षं लोकांना शिकवतेस आणि स्वतःच?"

"लिहिलेलं आहे रे," ती म्हणाली. "आता काय बदलणार?"

म्हणून त्या सकाळी भरतीच्या कागदावर, आधीचे आजार या रकान्यात, तिनं आपल्या देखण्या अक्षरात सगळं स्वतः लिहून दिलं. परिचारिका कागद घेऊन गेली. अर्ध्या तासानं डॉक्टर शन आले आणि तीन पावलं अलीकडेच थांबले.

"ताई, अडचण आहे. आमच्याकडे सोय नाही."

"कसली सोय?"

"वेगळं शस्त्रक्रियागृह लागतं. वेगळी हत्यारं लागतात."

"गेल्या महिन्यात कावीळवाल्या आजोबांची मांडी जोडलीत. रक्तातलीच ना ती कावीळ? त्यांची पताका ती काय, पाचवी. त्यांना कुठे वेगळं गृह दिलंत?"

डॉक्टरांनी पताकेकडे पाहिलं नाही. "माझ्या हातात नाही ताई. वरून सांगितलंय. उद्या एखाद्या परिचारिकेला सुई टोचली तर?"

"तर चोवीस तासांच्या आत गोळ्या सुरू करायच्या. लूच्या कपाटात असतात, मला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही?"

"प्रांताच्या शहरात या आजारासाठी नेमून दिलेलं रुग्णालय आहे. तिथे जा. मी चिठ्ठी देतो."

"म्हणजे नाही म्हणताय."

"नाही कुठे म्हणतोय? तिकडे पाठवतोय."

परिचारिकेनं तिचा कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून थियनपुढे केला. ती दोघं लिफ्टपर्यंत पोचतात न पोचतात तोच मागून जंतुनाशकाचा वास आला. लानछिननं वळून पाहिलं. ज्या खुर्चीवर ती बसली होती ती खुर्ची पुसली जात होती. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी पायाला पट्टी बांधून बसली होती, ती घाईघाईनं उठून उभी राहिली होती. दुखऱ्या पायावर.

मग प्रांताच्या शहराची वारी झाली. बसनं सहा तास. प्रत्येक खड्ड्याला खुब्यात कुणी खिळा ठोकावा तशी कळ येई. नेमलेल्या रुग्णालयातली माणसं चांगली होती. त्यांनी तिला हात लावून तपासलं, चहा दिला आणि सांगितलं, "काकू, आमच्याकडे विषाणूचे डॉक्टर आहेत, हाडांचा नाही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जा." मोठ्या रुग्णालयात हाडांचे चाळीस डॉक्टर होते. त्यांनी रक्त घेतलं, दोन दिवस थांबवलं आणि सांगितलं, "तुमच्यासाठी नेमलेलं रुग्णालय आहे की! तिकडे जा." तिसऱ्या ठिकाणी तर चिठ्ठी वाचून झाल्यावर हात धुतले. कुणी म्हणजे कुणी नकार दिला नाही. सगळ्यांनी नुसतं पाठवलं. नकार कागदावर मिळाला असता तर तो कुठे दाखवता तरी आला असता. पण चेंडूनं तक्रार कुणाकडे करायची? कायदा लिहिणारा मात्र पक्का होता. नकाराच्या आधी त्यानं टाळाटाळ लिहून ठेवली होती. त्याला आपली माणसं ठाऊक होती.

परत येईपर्यंत लोथांगमध्ये बातमी पोचली होती. तिच्या रक्ताची गोष्ट गुप्त ठेवायची असंही त्याच कायद्यात लिहिलंय, पण बाजारात ती चिमटीतल्या कागदाच्या आधी पोचली. फुलचक्रवाली बाई रोज सकाळी तिच्या थर्मासमधला चहा पीत असे, ती आता पाहून न पाहिल्यासारखी करू लागली. बरे झालेले लोक पताकेसाठी दोन गल्ल्या पलीकडे जाऊ लागले. तिच्या दुकानातली मखमल हात लावल्यानं लागण करते, असं त्यांना वाटत होतं. तीच मखमल बावीस वर्षं डॉक्टरांच्या डोक्यावर टांगलेली होती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन आला. रुग्णालयाच्या प्रसिद्धी विभागातली मा जिंग. दर वर्षी याच दिवसांत तिचा फोन येई. एक डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो, आणि त्या दिवशी मोठ्या दालनात लावायचा फलक लानछिनच बनवून देत असे.

"मावशी, नेहमीचंच. 'हातात हात, भेदभाव शून्य.' सहा मीटर लांब."

"बरं. कधी नेणार?"

 मग मा जिंग म्हणाली, "तुम्ही असं करा ना, गुंडाळी करून दाराबाहेर ठेवा. शिपाई उचलून नेईल. त्याला आत यायला नको."

थियननं हातातला रंधा आपटला. "हे बनवलंस तर बघ! 'हातात हात' म्हणे! आणि दाराबाहेर ठेवा म्हणे! थोबाडावर मार तिच्या!"

"बनवणार," लानछिन म्हणाली. "अक्षरांचा काय दोष?"

तिनं तो सहा मीटरचा फलक बनवला, गुंडाळला आणि दाराबाहेर ठेवला. मग कपाटातून ती अर्धवट पताका काढली. उजवीकडची ओळ तशीच चकाकत होती: 'हाडांचा विभाग, डॉक्टर शन यांस.' मधली जागा कोरी. अक्षर काढायला गेलं तर मखमलीची लव जाते, टक्कल पडतं, ते कापड मग फेकूनच द्यावं लागतं. तिनं बराच वेळ ते कापड मांडीवर धरलं. मग लूनं दिलेला कागद उघडून शेजारी ठेवला आणि कात्री घेतली.

आठ अक्षरांच्या जागेत कलमाची चव्वेचाळीस अक्षरं बसवायची होती. तिनं आकार चार वेळा बदलला. त्यात 'रोग' हे अक्षर सहा वेळा येत होतं; रुग्ण, विषाणू, एड्स, आजार, या सगळ्या शब्दांत चिनीत ते असतंच. बावीस वर्षांत तिनं ते एकदाही कापलं नव्हतं. आभाराच्या पताकेवर रोगाचं नाव घेत नाहीत. पहिलं थोडं वाकडं आलं. दुसऱ्यापासून हात बसला.

लू सायकल हाणत आला. "मावशी, तो कागद मी दिला हे सांगू नका हं. साहेब म्हणतात, रुग्णालयाशी 'समन्वय' चालू आहे."

"कधीपासून?"

"दोन महिने."

"माझं हाड दोन महिने समन्वय करत बसलंय का रे? घाबरू नकोस. तुझं नाव कुठाय यात? डावीकडे माझं नाव आहे."

थियननं मान वर केली. "नाव नको घालूस लान. लोकांना अजून नुसता संशय आहे. नाव घातलंस की शिक्का बसला."

"बिननावाची पताका म्हणजे भिंतीवरचं फडकं. कोण वाचतं ते?"

थियन दांडी तासत राहिला. दांडीचं टोक फिरवून घेत म्हणाला, "मग माझंही घाल. तुझ्या खाली नको, शेजारी."

एक डिसेंबरला सकाळी साडेनऊला दोघं फाटकातून आत गेली. ती कुबडीवर, तो खांद्यावर गुंडाळी घेऊन. दालनात तिचाच फलक टांगला होता, सहा मीटर लांब, आणि त्याखाली लाल फिती वाटायचं टेबल होतं. गर्दी होती. पताका द्यायची रीत ठरलेली आहे: देणाऱ्यानं दालनात उभं राहायचं, डॉक्टरांना निरोप जातो, डॉक्टर खाली येतात, दोघं एकेक टोक धरतात, प्रसिद्धीवाले फोटो काढतात. आलेली पताका कुणी परत पाठवत नाही. तसं केलं तर गाव म्हणेल, डॉक्टर गर्विष्ठ झाला.

गुंडाळी पाहून मा जिंगचा चेहरा खुलला, माणूस ओळखल्यावर पडला. पण तोवर मागच्या लोकांनी जागा करून दिली होती आणि कुणीतरी डॉक्टर शन यांना बोलावलंही होतं. ते घाईत आले. बाहेर आलेल्या दांडीचं टोक त्यांनी सवयीनं धरलं. दुसरं टोक लानछिननं धरलं, आणि थियननं दोरी सोडली.

कॅमेरा वाजला.  फिती घ्यायला आलेला एक म्हातारा चष्मा नाकावर सरकवून मोठ्यानं वाचू लागला. पहिल्या ओळीत त्याला कौतुक सापडेना, दुसऱ्या ओळीत सापडेना. शेवटचं अक्षर वाचून तो म्हणाला, "अहो, ही स्तुती नाही. हा तर कायदा आहे!"

"हो आजोबा," लानछिन म्हणाली. "माझा खुबा सडलाय. हे डॉक्टर तो बदलू शकतात. बदलत नाहीत, कारण माझ्या रक्तात एचआयव्ही आहे. नाव डावीकडे आहे, वाचा."

पाचसहा लोक मागे सरले. पाचसहा फोन वर झाले. मा जिंग कुजबुजली, "डॉक्टर, सोडा ते!" डॉक्टर शन यांनी टोक सोडलं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता, रागानं की शरमेनं कोण जाणे. त्यांनी सावकाश सगळं वाचलं. मग पताका गुंडाळली, काखेत मारली आणि जिन्यानं वर गेले. लोकांना वाटलं, कचऱ्यात टाकतील. त्यांनी ती व्हरांड्यातल्या रिकाम्या खिळ्याला टांगली आणि बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसले.

संचालकांचा हुकूम सुटला: काढा ती! पण काढणार कोण? परिचारिका म्हणाल्या, आम्ही हात लावणार नाही. सफाईवाला म्हणाला, भिंतीवरचं माझ्याकडे नाही, जमिनीवरचं माझं. वीजवाला शिडी घेऊन आला, डावीकडचं नाव वाचलं आणि हातमोजे आणायला गेला तो गेलाच. डॉक्टर शन म्हणाले, "मला दिलेली आहे. मी का काढू?" ज्या भीतीनं तिला खुर्चीवरून उठवलं होतं, त्याच भीतीनं तिची पताका भिंतीवर राखली. सहा दिवस झाले तरी ती तिथेच होती. तेवढ्यात तिचे फोटो या फोनवरून त्या फोनवर होत होत प्रांताच्या आरोग्य खात्यापर्यंत गेले, आणि तिथून कुणीतरी फोन करून विचारलं की हे काय आहे?

सातव्या दिवशी मा जिंगचा फोन. "मावशी, तुमची पताका तुम्हीच येऊन काढून न्या ना. साहेबांची विनंती आहे."

"येते की. पण तिसरा मजला आहे. मला चालता येत नाही."

"लिफ्ट आहे!"

"लिफ्टनं नको. सांधा बसवा, माझ्या पायांनी जिना चढून येते."

एकोणीस डिसेंबरला शस्त्रक्रिया झाली. दिवसातला शेवटचा नंबर तिला दिला. शस्त्रक्रियागृहातल्या माणसांनी तीन तीन हातमोजे चढवले होते, चंद्रावर उतरायला निघाल्यासारखे. काम एक तास दहा मिनिटांत आटोपलं. तेच गृह, तीच हत्यारं, तीच नसलेली सोय. कुणाला सुई टोचली नाही, कुणाला काही झालं नाही. एवढ्यासाठी तिचा खुबा अडीच महिने कुजवला होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टर शन तिच्या खाटेशी आले. या वेळी तीन पावलांवर थांबले नाहीत. टाके पाहून म्हणाले, "ताई, मी आधीच करायला हवं होतं."

"हो," लानछिन म्हणाली.  त्यांना बरं वाटावं म्हणून काही बोलणं तिला जमलं असतं, तोच तिचा धंदा होता. पण ती बोलली नाही.

फेब्रुवारीत नव्या वर्षाचा सण होऊन गेल्यावर ती आली. काठी घेऊन, एकेक पायरी, तिसऱ्या मजल्यापर्यंत. पताका तिथेच होती, कडेला थोडी धूळ. मा जिंग धावत आली.

"वा मावशी, चालायला लागलात! आता ही काढा, आणि त्याजागी छानशी एक द्या ना. 'कुशल हात, प्रेमळ मन,' असं काहीतरी. आपण मोठा फोटो काढू."

"कशाबद्दल?"

"म्हणजे... शस्त्रक्रिया केली ना तुमची!"

"कायद्यानं करायलाच हवी होती ती केली. त्याचे आभार कसले? उशीर केलात त्याची पताका हवी असेल तर सांग, शब्द शोधते."

तिचा फोन वाजला. पलीकडे लू होता, आवाज दबका. नदीकाठचा एक मासळीवाला आहे, मोतीबिंदू पिकलाय, डोळ्यांच्या विभागानं रक्त तपासलं आणि त्याला प्रांताच्या शहरात पाठवलं. आज सकाळीच. तो बिचारा आंधळा बसस्टँडवर बसलाय.

"त्याला म्हणावं, बसमध्ये चढू नकोस," लानछिन म्हणाली. "माझ्या दुकानात ये म्हणावं. आणि विचार त्याला, नाव घालायची तयारी आहे का? नसेल तर माझं घालू."

तिनं पताकेवरची धूळ बाहीनं पुसली आणि पताका तिथेच ठेवून जिना उतरली. दुकानात येऊन नवी मखमल पसरली आणि उजवीकडच्या ओळीसाठी 'डोळ्यांचा विभाग' अशी अक्षरं कापायला घेतली. थियननं न विचारताच दांडी तासायला सुरुवात केली होती.